गेमच्या मदतीने खरी गिटार शिकताना: जोडणीपासून पडदा बंद करेपर्यंत

व्हिडिओ गेम खेळून खरोखरची गिटार वाजवता येईल का, असे मला अनेक जण विचारतात. येते, पण गेम आपल्या नकळत काही चुकीच्या सवयीही लावतो आणि त्या मोडण्यात शिकण्याइतकाच वेळ जातो. माझे पहिले सहा महिने याच उलटसुलट प्रवासात गेले. गेमला काय ऐकू येते आणि काय ऐकू येत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर त्यातले निम्मे महिने तरी वाचले असते. हा लेख त्यासाठी लिहिला आहे. गिटार कधीच हातात न धरलेला, पण गेमचा कंट्रोलर सराईतपणे हाताळणारा वाचक मी समोर धरला आहे.

## १. आधी गेमचा प्रकार ओळखा

गिटारच्या नावावर खपणारे सगळेच गेम गिटार शिकवत नाहीत. २००५ साली आलेल्या ‘गिटार हीरो’मध्ये पाच रंगीत बटणांचे प्लास्टिकचे वाद्य होते. त्यावर लय पक्की होते, पण तारेशी संबंध येत नाही. २०१० च्या ‘रॉक बँड ३’ने पाच बटणांऐवजी फ्रेटप्रमाणे वाजवायचे खास कंट्रोलर आणून एक पाऊल पुढे टाकले. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेली घरे. कोणतीही इलेक्ट्रिक गिटार थेट जोडायची आणि गेमने तिचा सूर ऐकून गुण द्यायचे, ही पद्धत २०११ मध्ये युबिसॉफ्टच्या ‘रॉकस्मिथ’ने रूढ केली. त्याची सुधारित आवृत्ती ‘रॉकस्मिथ २०१४’ या नावाने २०१३ मध्ये आली, तर वर्गणीवर चालणारे ‘रॉकस्मिथ प्लस’ २०२२ मध्ये. हेलसिंकीच्या कंपनीचे ‘युसिशियन’ हे फोनच्या किंवा संगणकाच्या मायक्रोफोनमधून ऐकते, त्यामुळे ते साध्या ॲकॉस्टिक गिटारवरही चालते.

निवडताना एकच कसोटी लावावी: गेम तुमच्या तारेचा सूर ऐकतो की बटण दाबल्याची खूण घेतो? सूर ऐकणारा गेम असेल तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे. माझा बहुतेक अनुभव रॉकस्मिथचा असल्यामुळे उदाहरणे त्यातलीच आहेत. इतर गेममध्ये पर्यायांची नावे बदलतील, अडचणी मात्र जवळपास त्याच राहतील.

## २. साहित्य जमवा

* चालू स्थितीतील पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) असलेली इलेक्ट्रिक गिटार. पिकअप बसवलेली ॲकॉस्टिक गिटारही चालते.
* गेमला चालणारी केबल. रॉकस्मिथ २०१४ ला त्याची स्वतःची ‘रिअल टोन केबल’ लागते. तिच्या एका टोकाला गिटारसाठी ६.३५ मिलिमीटरचा जॅक असतो आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी. रॉकस्मिथ प्लसला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे वाद्य संगणकाला जोडणारे छोटे उपकरणही चालते.
* तारेचे हेडफोन किंवा तारेने जोडलेले स्पीकर. ब्लूटूथ का नको, ते पाचव्या टप्प्यात सांगितले आहे.
* गेमबाहेरचा एक स्वतंत्र ट्यूनर. फोनवरचे ॲप पुरेसे आहे.
* वेगवेगळ्या जाडीची दोन-तीन पिक्स, म्हणजे तारा छेडायच्या चपट्या चकत्या. सुरुवातीला ०.७ मिलिमीटरच्या आसपासचे पिक हाताला मानवते.
* खांद्याचा पट्टा. बसून वाजवणार असाल तरीही तो हवा.
* तारांचा एक जादा संच. नवशिक्याच्या बोटांना ०.००९ किंवा ०.०१० इंचापासून सुरू होणारा संच सोपा जातो.
* हात टेकायला दांडे नसलेली खुर्ची आणि एक वही.

वहीचे काम शेवटी येईल. पट्ट्याबद्दल मात्र आताच सांगतो. गेम खेळताना नजर पडद्यावर खिळलेली असते. पट्टा नसेल तर गिटारची मान डाव्या हाताने तोलून धरावी लागते, आणि तोच हात मग तारांवर मोकळा फिरू शकत नाही. मनगटाच्या दुखण्याची सुरुवात पुष्कळदा येथूनच होते.

## ३. गिटारची तपासणी करा

गेम चुकीचे गुण देत आहे असे वाटले, तर नवशिक्या आधी बोटांना दोष देतो, मग गेमला, आणि सर्वांत शेवटी गिटारकडे पाहतो. क्रम याच्या उलट असायला हवा. माझ्या जुन्या गिटारच्या तारा बाराव्या फ्रेटपाशी पट्टीपासून बऱ्याच उंच होत्या. तार उंच असली की ती दाबताना अधिक ताणली जाते आणि सूर चढतो. मी तिसऱ्या फ्रेटवर अगदी बरोबर बोट ठेवत होतो, तरी गेम मला चुकलेला ठरवत होता. तीन आठवडे मी बोट पुढेमागे सरकवत बसलो.

तपासणी साधी आहे. बाराव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेटची पट्टी यांत सुमारे दोन मिलिमीटर अंतर असावे. थोडे कमी असले तरी चालेल. पण तीनच्या वर गेले तर गिटार दुरुस्त करणाऱ्याला दाखवावी. त्यानंतर मोकळी तार वाजवून ट्यूनरवर बरोबर लावावी आणि तीच तार बाराव्या फ्रेटवर हलके दाबून वाजवावी. हा दुसरा सूर पहिल्याच्या नेमका वरच्या सप्तकातला यायला हवा. तो चढा किंवा उतरलेला येत असेल, तर ब्रिजवरचे (तारा गिटारच्या धडावर जेथे टेकतात त्या भागावरचे) त्या तारेचे टेकू सरकवून घ्यावे लागतात. हे काम कारागिराचे असले तरी त्याला फार वेळ लागत नाही.

तारा गंजलेल्या असतील तर विचार न करता बदलाव्यात. नव्या तारा पहिले एक-दोन दिवस सैल पडत राहतात आणि त्यांना पुन्हा पुन्हा सुरात आणावे लागते. त्यात काही बिघडलेले नसते.

## ४. जोडा आणि सुरात लावा

पहिल्या संध्याकाळी माझ्या गेमला गिटार ऐकूच येत नव्हती. केबल बदलून पाहिली, संगणक दोनदा बंद-चालू केला, गेम पुन्हा बसवला. शेवटी कळले की जॅक पूर्ण आत गेलेलाच नव्हता. तो आत जाताना शेवटी एक बारीक ‘टक्’ जाणवते. ती जाणवली नाही तर जॅक अर्धवट आहे असे समजावे. त्या दिवसापासून मी पुढील क्रम कधी मोडलेला नाही:

१) जॅक ‘टक्’ होईपर्यंत आत ढकलावा.
२) गिटारवरचा आवाजाचा खटका पूर्ण उघडावा. पिकअप निवडण्याची दांडी कोणत्याही एका टोकाला ठेवावी.
३) यूएसबीचे टोक थेट संगणकाच्या खाचेत लावावे, हबमधून नेऊ नये.
४) विंडोजवर गिटारची केबल मायक्रोफोन म्हणूनच ओळखली जाते. त्यामुळे गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये ॲप्सना मायक्रोफोन वापरण्याची परवानगी बंद असेल, तर गेम बहिरा होतो आणि त्याचे कारण स्पष्ट सांगत नाही.
५) आवाजाच्या सेटिंगमध्ये आउटपुटचा नमुना-दर (सॅम्पल रेट) ४८००० हर्ट्झ ठेवावा.
६) मग गेममधील कॅलिब्रेशन करावे. त्यात तारा जोरात छेडायला सांगितल्यावर खरोखरच जोरात छेडाव्यात. संकोचून हलके वाजवले, तर पुढे गाण्यात नेहमीच्या जोराने वाजवताना आवाज फाटतो.

आता सूर लावणे. नेहमीच्या पद्धतीत जाड तारेपासून बारीक तारेकडे जाताना सूर ई, ए, डी, जी, बी, ई असे असतात, आणि त्यांची कंपनसंख्या अनुक्रमे ८२.४, ११०, १४६.८, १९६, २४६.९ आणि ३२९.६ हर्ट्झ असते. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. पण दोन्ही टोकांच्या ‘ई’ तारांमध्ये दोन सप्तकांचे अंतर आहे, एवढे लक्षात असू द्यावे. नवशिक्या ट्यूनरवर ‘ई’ अक्षर पाहतो आणि चुकीच्या सप्तकाकडे तार पिळत नेतो. तार तुटण्याचा आवाज मोठा असतो आणि ती तोंडावर येऊ शकते. म्हणून खुंटी पिळताना चेहरा बाजूला ठेवावा, आणि तार अनपेक्षितपणे कडक वाटली तर थांबून कोणती तार वाजवत आहोत ते आधी पाहावे.

सूर नेहमी खालून वर आणावा. तार चढली असेल तर ती आधी गरजेपेक्षा थोडी अधिक सैल करून मग वर न्यावी. उतरवत आणून सोडलेली तार खुंटीपाशी ढिली राहते आणि दोन मिनिटांत पुन्हा घसरते.

प्रत्येक गाण्याआधी गेम सूर तपासतो, ही चांगली गोष्ट आहे. पण गाणी वेगवेगळ्या लावणीची असतात: एखाद्यात सर्वांत जाड तार ‘ई’वरून ‘डी’वर उतरवलेली असते, तर दुसऱ्यात सगळ्याच तारा अर्ध्या सुराने खाली असतात. एका बैठकीत अशी चार गाणी घेतली, तर निम्मा वेळ खुंट्या पिळण्यातच जातो आणि वारंवार ताण बदलल्यामुळे तारा सुरात राहीनाशा होतात. गाण्यांची यादी लावणीप्रमाणे मांडण्याची सोय गेममध्ये आहे. पहिले दोन महिने नेहमीच्या लावणीतलीच गाणी घ्यावीत.

## ५. विलंबाचा बंदोबस्त करा

गेम सोडून देणारे सगळेच लोक बोटे दुखतात म्हणून सोडत नाहीत. काही जण विलंबामुळे सोडतात, आणि आपण कशामुळे कंटाळलो हेही त्यांना कळलेले नसते. म्हणून या टप्प्यावर थोडा जास्त वेळ देतो.

तुम्ही तार छेडता, तेव्हा तो सूर केबलमधून संगणकात जातो, तेथे आकड्यांत रूपांतरित होतो, गेम त्यावर ॲम्प्लिफायरचा रंग चढवतो आणि मग तो स्पीकरमधून बाहेर येतो. या प्रवासाला जो वेळ लागतो तो विलंब. संगणक आवाजाचे नमुने एकेक करून न हाताळता गठ्ठ्याने हाताळतो. सेकंदाला ४८००० नमुने या दराने २५६ नमुन्यांचा गठ्ठा भरायला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात, तर १०२४ चा गठ्ठा भरायला २१.३. असे गठ्ठे आवाज आत येताना आणि बाहेर जाताना अशा दोन्ही वेळी भरावे लागतात. त्याशिवाय टीव्ही स्वतःची प्रक्रिया करण्यात आणखी वेळ घेतो. तुलनेसाठी सांगायचे तर हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा साडेतीन मीटरवर ठेवलेल्या ॲम्प्लिफायरपासून वाजवण्यासारखा आहे आणि तो कोणालाही सहज निभावता येतो. पन्नासच्या पुढे मात्र हात आणि कान यांची फारकत होते. ब्लूटूथ हेडफोनचा विलंब सहसा शंभर मिलिसेकंदांच्या वर असतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा होतो. याचा अर्थ असा की ब्लूटूथवर तुम्हाला तुमचा सूर जवळजवळ पाव मात्रा उशिरा ऐकू येतो. त्याला जुळवून घेण्यासाठी तुम्ही नकळत पुढे पळू लागता आणि गेम तुम्हाला घाई केल्याबद्दल चूक देतो.

विलंब ओळखण्याची माझी पद्धत अशी आहे. स्पीकरचा आवाज अगदी कमी ठेवून एका तारेवर पिकने तुटक आघात करावा. लाकडातून येणारा कोरडा ‘टक्’ आणि स्पीकरमधला सूर एकत्र आले, तर ठीक. ‘टक्-टण’ असे दोन वेगळे आवाज आले, तर काम बाकी आहे.

उपाय याच क्रमाने करावेत. प्रथम ब्लूटूथ बंद करून तारेचे हेडफोन लावावेत. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करावा आणि शक्य असल्यास आवाज टीव्हीतून न नेता वेगळा बाहेर काढावा. संगणकावर रॉकस्मिथ २०१४ असेल, तर गेमच्या फोल्डरमधील ‘रॉकस्मिथ.आयएनआय’ या फाइलची आधी एक प्रत काढून ठेवावी, मग तिच्यातील ‘लेटन्सी बफर’चा, म्हणजे वर सांगितलेल्या गठ्ठ्यांचा, आकडा एकेकाने कमी करावा. आवाजात तडतड सुरू झाली की एक पायरी मागे यावे. तुमच्या संगणकाची मर्यादा तीच.

चित्राचा विलंब ही वेगळी बाब आहे. वाजवायचा सूर दाखवणारा पडद्यावरचा ठोकळा रेषेवर येतो तो क्षण आणि गाण्यातला ठोका यांत फरक वाटला, तर तो गेमच्या सेटिंगमध्ये सरकवून जुळवता येतो. तुमच्या स्वतःच्या सुराचा विलंब मात्र असा सरकवता येत नाही. तो मुळातच कमी करावा लागतो. या दोहोंत गल्लत करून मी एक अख्खा रविवार चुकीची पट्टी सरकवण्यात घालवला आहे.

## ६. पडद्याची लिपी वाचायला शिका

रॉकस्मिथमध्ये जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत लाल, पिवळा, निळा, नारिंगी, हिरवा आणि जांभळा असे रंग असतात. ठोकळ्याचा रंग तार सांगतो आणि त्याची जागा फ्रेट सांगते. तारांचा क्रम पडद्यावर उलटवण्याचा पर्यायही आहे: लाल तार वर किंवा लाल तार खाली. पुढे कागदावरची टॅब (तारांच्या ओळींवर फ्रेटचे आकडे लिहिण्याची पद्धत) वाचण्याचा विचार असेल, तर लाल खाली ठेवावी, कारण टॅबमध्ये जाड तार सर्वांत खालच्या ओळीवर लिहितात. कोणतीही रचना घ्या, पण पहिल्याच दिवशी ठरवा आणि नंतर बदलू नका. डावखुऱ्या वादकांसाठी वेगळा पर्याय आहे; तो सुरुवातीलाच निवडावा.

नजर कोठे ठेवायची, हा येथला खरा प्रश्न आहे. पडद्याकडे पाहिले तर बोटे चुकतात आणि बोटांकडे पाहिले तर ठोकळे निसटतात. यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे हाताला खुणा शिकवणे. गिटारच्या मानेच्या कडेवर ३, ५, ७, ९ आणि १२ या फ्रेटपाशी ठिपके असतात. गेम बंद ठेवून, डोळे मिटून, अंगठा मानेमागून सरकवत पाचव्या फ्रेटवर जावे आणि मग डोळे उघडून पाहावे. दररोज दहा-बारा वेळा असे केले की दोन आठवड्यांत हाताला अंतर समजते. उजव्या हाताला तारा ओळखता येण्यासाठी गेममधील ‘स्ट्रिंग स्किप सलून’ हा छोटा खेळ उत्तम आहे. गाण्यांना हात घालण्याआधी पाच मिनिटे तो खेळावा. छोट्या खेळांत तासन्‌तास रमण्यात मात्र अर्थ नाही. तेथे गुण भराभर वाढतात, वादन त्या वेगाने वाढत नाही.

## ७. पहिले दोन आठवडे

रोज वीस मिनिटे दोनदा बसावे. एकदम दीड तास बसू नये, कारण बोटांच्या टोकांची कातडी अजून मऊ असते. ती हुळहुळणे स्वाभाविक आहे आणि तीन-चार आठवड्यांत तेथे घट्टे पडतात. मनगटात, कोपरात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखणे मात्र स्वाभाविक नाही. तसे झाले तर त्या दिवशी थांबावे आणि गिटार धरण्याची पद्धत तपासावी.

बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या अलीकडे ठेवावे. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबल्यास जास्त जोर लागतो आणि तरीही तार भिरभिरते. किती जोर पुरतो हे पाहण्यासाठी बोट तारेवर नुसते टेकवून वाजवत राहावे आणि हळूहळू दाब वाढवावा. सूर स्वच्छ झाला की तेथेच थांबावे. आपण लावत असलेल्या जोराच्या निम्म्याने काम भागते, हे पाहून बहुतेकांना नवल वाटते.

## ८. गाणे बसवताना: गेमचा सर्वांत मोठा सापळा

गेम गाण्याची काठिण्यपातळी आपोआप बदलतो. सुरुवातीला चार मात्रांत एखादाच सूर येतो, तो जमला की गेम दुसरा घालतो. कल्पना चांगली आहे, पण तिच्यात एक खोड आहे.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेला अनेक सुरांचा मेळ. सी कॉर्डचे उदाहरण घेऊ. पूर्ण कॉर्डमध्ये पिवळ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका, निळ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मधले बोट आणि हिरव्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर तर्जनी असते. खालच्या पातळीवर गेम यातला फक्त पिवळ्या तारेचा सूर दाखवतो. एकच सूर असल्यावर कोणीही तो तर्जनीनेच दाबणार, आणि गेमला बोट दिसत नसल्यामुळे तो शाबासकीही देणार. मग आठ दिवसांनी पूर्ण कॉर्ड समोर येते तेव्हा तर्जनी आपल्या जुन्या जागी धावते आणि सगळा पंजा गुंततो. मी तीन गाणी अशी बसवली आणि तिन्ही पुन्हा पहिल्यापासून शिकलो.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. गाण्याचा एक छोटा तुकडा निवडून ‘रिफ रिपीटर’ ही तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्याची गेममधली सोय उघडावी, काठिण्य पूर्ण करावे आणि वेग खाली आणावा. गाणे निम्म्या वेगाने चालले तरी हरकत नाही. तुकड्यात कोणत्या कॉर्ड आहेत ते थांबून पाहावे आणि प्रत्येकीची बोटे गेम न चालवता बसवावीत. कॉर्ड धरून एकेक तार सुटी छेडावी. एखादी मुकी राहत असेल तर शेजारचे बोट तिला चिकटले आहे असे समजावे. त्यानंतरच तुकडा फिरवावा. ओळीने तीन वेळा स्वच्छ आला की वेग पाच टक्क्यांनी वाढवावा. वेग आपोआप वाढवण्याची सोय आहे, पण ती सुरुवातीला बंद ठेवावी, कारण गेमच्या लेखी ‘आला’ आणि आपल्या लेखी ‘स्वच्छ आला’ यांत बरेच अंतर असते.

कॉर्ड बदलण्याचा सराव वेगळा करावा. एका मिनिटात सी आणि जी या दोन कॉर्डमध्ये किती वेळा जाता येते ते मोजून वहीत लिहावे. गेमच्या टक्क्यांपेक्षा प्रगतीचे हे मोजमाप अधिक खरे आहे. यांत्रिक सरावाचा कंटाळा आला तर ‘रिटर्न टू कॅसल कॉर्डेड’ या छोट्या खेळात कॉर्ड धरून शत्रूंना अडवावे. तेथे घाईत कॉर्ड आठवण्याची सवय लागते.

## ९. गेमला काय ऐकू येत नाही

गेम सुराची कंपनसंख्या ओळखतो. ती कोठून आली, हे त्याला फारसे कळत नाही. लाल तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा सूर आणि मोकळ्या पिवळ्या तारेचा सूर दोन्ही ११० हर्ट्झचेच असतात. तुम्ही कोणताही वाजवलात तरी गेम समाधानी होतो. पुढचा सूर लाल तारेच्या सातव्या फ्रेटवर असेल, तर पळवाट काढलेला हात तेथे वेळेत पोहोचत नाही. दोष मात्र पुढच्या सुराला मिळतो.

पिक वरून खाली गेले की खालून वर, हेही त्याला कळत नाही. लागोपाठच्या आठ सुरांना फक्त खालच्या दिशेने आघात केले तरी संथ लयीत शंभर टक्के मिळतात. लय वाढली की हात लटपटतो. यासाठी गेमबाहेर मेट्रोनोम (ठरलेल्या गतीने ठोके देणारे साधन) लावून मिनिटाला ६० ठोक्यांवर खाली-वर असे आघात करावेत.

शेजारच्या तारांचा गोंगाट हा तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. हवा तो सूर पुरेसा स्पष्ट असेल, तर त्यासोबत वाजणाऱ्या नकोशा तारांकडे गेम बऱ्याच वेळा काणाडोळा करतो. त्यात ॲम्प्लिफायरचा जाड, खरखरीत आवाज सगळे झाकून टाकतो. एका गाण्यात ९४ टक्के मिळाल्यावर मी ते फोनवर ध्वनिमुद्रित केले आणि गेमचा आवाज बंद ठेवून फक्त गिटार ऐकली. दोन सुरांच्या मध्ये हिरवी आणि जांभळी तार अखंड गुणगुणत होती. गाणे ओळखू येत होते, ऐकवत नव्हते. उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी जाड तारांवर टेकवणे आणि डाव्या तर्जनीचा मधला भाग बारीक तारांना हलका स्पर्शून ठेवणे, या दोन गोष्टी मग मी स्वतंत्रपणे शिकलो. गेमने त्या कधी मागितल्या नव्हत्या.

जोर-हळुवारपणा, सूर खेचून वर नेताना तो नेमका कोठे थांबला, बसण्याची ढब, मनगटाचा कोन: ही यादी आणखी वाढवता येईल. महिन्यातून एकदा तरी जाणत्या वादकाला तुमचे वादन प्रत्यक्ष दाखवावे. तो अर्ध्या मिनिटात जे सांगेल ते गेम वर्षभरातही सांगणार नाही.

## १०. पडदा बंद करा

दोन महिन्यांनी एका घरगुती बैठकीत माझ्या हातात गिटार दिली गेली आणि ‘वाजव काहीतरी’ असे सांगितले गेले. गेममध्ये बारा गाणी येत होती. समोर ठोकळे नसताना एकही येईना. पहिली कॉर्ड कोणती, हेसुद्धा आठवेना. मी गाणी शिकलोच नव्हतो, फक्त पडद्याच्या हुकमावर बोटे हलवायला शिकलो होतो.

यावर गेममध्येच एक उपाय आहे. ‘मास्टर मोड’मध्ये तुम्ही जसजसे बरोबर वाजवता तसतसे ठोकळे फिके होत नाहीसे होतात आणि गाणे आठवणीने वाजवावे लागते. एखाद्या गाण्यात ८०-८५ टक्के मिळू लागले की लगेच तो चालू करावा. शंभराची वाट पाहू नये. त्याच्या जोडीला वही घ्यावी. गाण्याचे भाग एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर त्याच्या कॉर्ड, किती मात्रा आणि किती आवर्तने ते स्वतःच्या हाताने लिहावे. गेम पाहून लिहू नये. आठवून लिहावे आणि मग ताडून पाहावे. जेथे आठवत नाही तेथेच गाणे कच्चे असते.

माझी आताची वाटणी अशी आहे: एकूण वेळाचा निम्मा भाग गेमवर, पाव भाग मेट्रोनोमसह कॉर्ड आणि आघात, आणि उरलेला पाव भाग पडदा बंद करून केवळ आठवणीने. दर शनिवारी एक गाणे केबल न जोडता, नुसत्या लाकडाच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करतो आणि वहीत तारखेसमोर कोठे अडलो तेवढेच लिहितो. सोमवारी ‘रिफ रिपीटर’ उघडल्यावर कोणता तुकडा निवडायचा, हे त्या ओळीवरून ठरते.